ऐन कार्यक्रमात मिक्सर बंद पडला तर? फर्मवेअर अपडेटचं गणित रिसोडच्या साऊंडवाल्यांसाठी महत्त्वाचं का आहे?

रिसोड तालुक्यातल्या एखाद्या गावात हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस आहे, असं समजा. थोड्याच वेळात काल्याचं कीर्तन सुरू होणार. मंडप भरत आलाय. महाराजांचा माईक, पखवाज, हार्मोनियम, टाळकऱ्यांसाठी दोन माईक, सगळं लागलेलं आहे.

साऊंडवाला टॅबलेट उघडतो. एरवी तो मंडपात फिरत फिरत टॅबलेटवरूनच आवाज कमी-जास्त करतो. आज मात्र स्क्रीनवर वेगळाच मेसेज येतो. ॲपची आवृत्ती आणि मिक्सरची आवृत्ती जुळत नाही, म्हणून कनेक्ट होता येणार नाही.

झालेलं असं असतं, की रात्री घरच्या वायफायवर टॅबलेटने ॲप आपोआप अपडेट करून घेतलं. मिक्सर मात्र दोन वर्षांपूर्वी होता तिथेच आहे.

आता त्याच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक, मिक्सरजवळ बसून हातानेच कार्यक्रम काढायचा. दुसरा, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नवं फर्मवेअर डाउनलोड करायचं आणि कीर्तन सुरू व्हायच्या आत मिक्सर अपडेट करायचा.

हे चित्र काल्पनिक आहे, पण अडचण खरी आहे. आणि दुसरा रस्ता निवडला तर ती किती मोठी होऊ शकते, हे समजून घ्यायचं असेल तर आधी मिक्सरच्या पोटात काय असतं ते पाहावं लागेल.

मिक्सर कधी कॉम्प्युटर झाला?

जुन्या ॲनालॉग मिक्सरमध्ये सगळं तारांचं आणि सर्किटचं काम होतं. माईकचा सिग्नल तारेतून आत यायचा, गोल बटण फिरवलं की त्या सर्किटमधून जाणारा सिग्नल बदलायचा आणि पुढे अॅम्प्लिफायरला जायचा. एखादं बटण खराब झालं तर तो एक चॅनेल जायचा. बाकीचे चालू राहायचे. रेडिओ दुरुस्त करणारा माणूसही सोल्डरिंग गन घेऊन ते दुरुस्त करू शकायचा.

डिजिटल मिक्सरचं तसं नाही. इथे माईकचा आवाज आत येताच त्याचे आकडे होतात. साधारणपणे एका सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजला जातो. पुढचं सगळं काम या आकड्यांवरचं गणित असतं. खर्ज वाढवणं, शिट्टी येणारी फ्रीक्वेन्सी कापणं, इको देणं, कुठला माईक कुठल्या स्पीकरला पाठवायचा हे ठरवणं, सगळं.

तुम्ही फेडर वर सरकवता तेव्हा तो थेट आवाजाला हात लावत नाही. तो आतल्या प्रोसेसरला फक्त सांगतो, की हा आकडा वाढव. हे सांगणं प्रोसेसरला कळावं आणि त्याने त्याप्रमाणे काम करावं, यासाठी मिक्सरच्या आत कायमचा एक प्रोग्राम ठेवलेला असतो. त्याला म्हणतात फर्मवेअर.

मोबाईलमधून अँड्रॉइड काढून टाकलं तर हातात काच आणि प्लास्टिक उरेल. फर्मवेअर नसलेला डिजिटल मिक्सरही तसाच. बटणं आहेत, दिवे आहेत, पण आवाज नाही.

हे तंत्रज्ञान नवं नाही. यामाहाने डीएमपी७ हा छोटा डिजिटल मिक्सर १९८७ मध्येच आणला होता. पण पुढची बरीच वर्षं डिजिटल मिक्सर म्हणजे टीव्ही स्टुडिओ, मोठी नाट्यगृहं आणि महागड्या कॉन्सर्टची मालमत्ता होती. २००६ मध्ये यामाहाचा एलएस९ आला आणि मध्यम कंपन्यांना डिजिटल परवडायला लागलं. २०१२ मध्ये बेहरिंगरचा एक्स३२ आला आणि बाजार पुरता बदलला. ३२ माईकचा डिजिटल मिक्सर अचानक छोट्या व्यावसायिकांच्या आवाक्यात आला.

त्यानंतर मोठ्या शहरातल्या कंपन्या नवीन मॉडेल घेत गेल्या आणि त्यांचे जुने मिक्सर सेकंडहँड बाजारातून जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी पोचू लागले. लग्न, सप्ताह, मिरवणूक, ऑर्केस्ट्रा, राजकीय सभा या सगळ्याला एकच पेटी पुरायला लागली.

म्हणजे मंडप डेकोरेशनच्या गाडीतून आता स्पीकर आणि केबलसोबत एक कॉम्प्युटरही गावोगाव फिरतो. फक्त त्याला कॉम्प्युटर म्हणून कुणी सांभाळत नाही.

अपडेट केल्याने मिळतं काय?

कंपन्या फर्मवेअरची नवी आवृत्ती साधारण तीन कारणांसाठी काढतात.

पहिलं कारण, चुका दुरुस्त करणं. ठरावीक क्रमाने बटणं दाबली की स्क्रीन गोठते, एखादा इफेक्ट निवडला की कर्कश आवाज येतो, सेव्ह केलेलं सेटिंग उघडलं की एक चॅनेल भलतीकडेच जातो, अशा गोष्टी मिक्सर बाजारात आल्यावर लक्षात येतात. त्या नव्या आवृत्तीत सुधारल्या जातात.

दुसरं कारण, नव्या सोयी. इथे खरा फायदा आहे. यामाहाच्या सीएल मालिकेतल्या मिक्सरना ऑटोमिक्सरची सोय नंतरच्या फर्मवेअरमधून मिळाली. ऑटोमिक्सर म्हणजे काय, तर स्टेजवर आठ माईक उघडे असतील तर जो बोलतोय त्याचा माईक मिक्सर स्वतःच वर घेतो आणि बाकीचे दाबून ठेवतो. व्यासपीठावर दहा पाहुणे आणि प्रत्येकापुढे माईक, ही आपल्याकडची नेहमीची सभा. तिथे शिट्टी टाळायला याचा किती उपयोग होईल, ते सांगायला नको. बेहरिंगरच्या एक्स३२ मालाही ४.० या आवृत्तीने कुठलं इनपुट कुठल्या चॅनेलला जोडायचं याचं बरंच जास्त स्वातंत्र्य दिलं. पेटी तीच राहिली, पण तिचं काम वाढलं आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत.

तिसरं कारण, इतर यंत्रांशी जुळवून घेणं. मिक्सर आता एकटा नसतो. स्टेजवर स्टेज बॉक्स असतो, तो एका लॅन केबलने मिक्सरला जोडलेला असतो. त्या बॉक्सलाही स्वतःचं फर्मवेअर असतं. मोठ्या कार्यक्रमात नेटवर्कवरून आवाज पाठवण्यासाठी डान्ते नावाची पद्धत वापरतात, तिचं फर्मवेअर आणखी वेगळं. वर टॅबलेटचं ॲप. या साखळीतली एक कडी पुढे गेली आणि बाकीच्या मागे राहिल्या, की सुरुवातीला सांगितलेला मेसेज स्क्रीनवर येतो.

थोडक्यात, अपडेट कधीच करायचं नाही, हे धोरण फार काळ चालत नाही. टॅबलेट बदलला, स्टेज बॉक्स बदलला किंवा दुसऱ्या साऊंडवाल्याचा मिक्सर आपल्याला जोडायची वेळ आली, की आवृत्तीचा प्रश्न येतोच.

मग भीती कशाची?

अपडेटची पद्धत दिसायला अगदी सोपी आहे. एक्स३२ चंच उदाहरण घ्या. कंपनीच्या वेबसाइटवरून फाइल घ्यायची. पेनड्राईव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये रिकामा करायचा आणि फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न ठेवता थेट त्यावर टाकायची. मिक्सर बंद करायचा, पेनड्राईव्ह लावायचा, कॉन्फिग/प्रीअँप विभागातलं व्ह्यू हे बटण दाबून ठेवून मिक्सर सुरू करायचा. पुढचं काम तो स्वतः करतो. नेहमीपेक्षा काही मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

धोका या काही मिनिटांत असतो. या वेळात मिक्सर आपला जुना प्रोग्राम पुसून त्या जागी नवा लिहीत असतो. नेमकी तेव्हाच लाईट गेली, कुणाचा पाय लागून वायर निघाली, जनरेटर बंद पडला किंवा पेनड्राईव्हने दगा दिला, तर आत जुना प्रोग्रामही पूर्ण नाही आणि नवाही पूर्ण नाही, अशी अवस्था होऊ शकते. म्हणून सगळ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये ठळकपणे सांगतात, की अपडेट सुरू असताना वीज बंद करू नका. काही मॉडेलमध्ये अशा वेळी पुन्हा प्रयत्न करायची सोय असते. पण ती वापरायची कशी, हे भर कार्यक्रमात शोधत बसायला वेळ कुणाकडे असतो?

दुसरा धोका लगेच दिसत नाही. अपडेट नीट होतं, मिक्सर सुरू होतो, पण आत केलेली सेटिंग्ज बदललेली असतात. काही मिक्सरमध्ये मोठ्या अपडेटनंतर सगळं फॅक्टरी सेटिंगवर न्यावं लागतं. साऊंडवाल्याने दोन वर्षं मेहनत घेऊन बनवलेले सीन, म्हणजे लग्नाचा वेगळा, कीर्तनाचा वेगळा, ऑर्केस्ट्राचा वेगळा, हे सगळं पेनड्राईव्हवर काढून ठेवलं नसेल तर गेलं. शिवाय नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला सीन जुन्या आवृत्तीच्या मिक्सरवर उघडेलच याची खात्री नसते.

तिसरा धोका, नव्या आवृत्तीतच नवी चूक असणं.

हा काही फक्त साऊंडवाल्यांचा प्रश्न नाही. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. क्राऊडस्ट्राईक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने ए३२० मालिकेतल्या सुमारे ६,००० विमानांचं सॉफ्टवेअर तातडीने बदलायला सांगितलं. त्यातल्या बहुतेक विमानांसाठी उपाय काय होता? आधीची जुनी आवृत्ती परत टाकणं.

या दोन्ही घटनांमधून एकच गोष्ट दिसते. नवीन म्हणजे चांगलं आणि जुनं म्हणजे वाईट, असा सरळ हिशेब सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही. अपडेट कधी करायचं, आधी कुठे तपासायचं आणि बिघडलं तर मागे कसं यायचं, हे ठरवणारा माणूस लागतो. विमान कंपन्यांकडे त्यासाठी इंजिनिअरची फौज असते. तालुक्याच्या साऊंडवाल्याकडे कोण असतं?

रिसोडमध्ये हा प्रश्न वेगळा का?

वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे घेतले गेले, त्यातला हा एक. रिसोड हे त्यातलं तालुक्याचं गाव. एका बाजूला बुलडाण्याचा मेहकर-लोणार भाग, दुसऱ्या बाजूला हिंगोलीचा सेनगाव तालुका. रेल्वे पकडायची तर वाशिम गाठावं लागतं.

पण आवाजाचं काम इथे बारमाही आहे. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोडमार्गे पुढे मराठवाड्यात जाते. गावाच्या पिंगलाक्षी देवीची नवरात्र असते. तालुक्यातल्या लोणी बुद्रुकला संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. गावोगावचे सप्ताह, पारायणं, शिवजयंती, भीमजयंती, गणपती, पोळा, लग्नसराई आहेच. निवडणुका लागल्या की सभा वेगळ्या.

इतक्या कार्यक्रमांमध्ये एका साऊंडवाल्याकडे बहुतेक वेळा एकच डिजिटल मिक्सर असतो. तो बंद पडला तर पर्याय म्हणून दुसरा नसतो. मोठ्या ब्रँडची सर्व्हिस सेंटर सहसा महानगरांत असतात. म्हणजे मिक्सर खोक्यात भरून पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत घेतलेल्या ऑर्डरचा इसार परत करायचा किंवा दुसऱ्याचा मिक्सर भाड्याने आणायचा.

त्यात सेकंडहँड मिक्सर असेल तर आधीच्या मालकाने कुठली आवृत्ती टाकली, मध्ये काय बदललं, याची नोंद नसते. मॅन्युअल इंग्रजीत असतं. शिकायचं साधन म्हणजे यूट्यूबवरचे व्हिडिओ. ते बरेचदा वेगळ्याच मॉडेलचे किंवा जुन्या आवृत्तीचे असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फाइल टाकतो, 'ही लेटेस्ट आहे, टाकून घ्या' म्हणतो. ती फाइल कुठून आली, आपल्याच मॉडेलची आहे का, अर्धवट डाउनलोड झालेली तर नाही, हे कळायला मार्ग नसतो.

अशा परिस्थितीत बहुतेकांनी 'चालू आहे ना, मग हात लावू नका' हा नियम धरला तर तो आळस म्हणता येणार नाही. ज्याच्याकडे एकच मिक्सर आहे, त्याच्यासाठी तो हिशेबाचा निर्णय आहे. अडचण इतकीच, की हा नियम टॅबलेटला माहीत नसतो. ॲप अपडेट होतं आणि न मागितलेला प्रश्न दारात येऊन उभा राहतो.

आता यात कोर्टाचा संबंध कुठे आला?

इथवरचा प्रश्न साऊंडवाल्याच्या धंद्याचा होता. पुढचा प्रश्न सगळ्यांच्या कानांचा आहे.

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकरबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. कुर्ल्यातल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सांगितलं, की लाऊडस्पीकर वापरणं हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. या निकालात आणखी एक मुद्दा होता. त्याची चर्चा कमी झाली. धार्मिक स्थळांवरच्या साऊंड सिस्टीममध्येच आवाजाची मर्यादा आपोआप पाळणारी यंत्रणा बसवण्याचा विचार राज्य सरकारने करावा, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे आवाज किती ठेवायचा हे माणसावर न सोडता पेटीवर सोडायचं.

नियम काय सांगतात, तेही पाहू. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. त्यानुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या आत हवा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

आता प्रश्न असा, की मिक्सरमध्ये 'आवाज ६५ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नको' असं टाकता येतं का?

नुसत्या मिक्सरमध्ये नाही. मिक्सरला फक्त स्वतःच्या आतला सिग्नल कळतो. पुढे अॅम्प्लिफायर किती मोठा आहे, टॉप दोन लावलेत की आठ, ऐकणारा दहा फुटांवर आहे की दोनशे, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की एका स्पीकरचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. तसाच आणखी एक स्पीकर शेजारी लावला की किमान ३ डेसिबलने चढतो. मिक्सरच्या स्क्रीनवरची पट्टी मात्र दोन्ही वेळा तेवढीच दिसते.

म्हणून अशी मर्यादा घालायची तर हद्दीवर तपासलेला मीटर ठेवून आवाज मोजावा लागतो आणि त्यावरून सिस्टीममधल्या लिमिटरची पातळी ठरवावी लागते. लिमिटर म्हणजे ठरावीक पातळीच्या वर सिग्नल जाऊ न देणारा पहारेकरी. तो मिक्सरमध्ये असतो, स्पीकरच्या प्रोसेसरमध्ये असतो, काही अॅम्प्लिफायरमध्येही असतो. युरोपातल्या अनेक शहरांत संगीताच्या ठिकाणी असे लिमिटर बसवून सील केले जातात. फ्रान्समध्ये २०१७ च्या नियमांनुसार १५ मिनिटांच्या सरासरीत १०२ डेसिबलची मर्यादा आहे. ती प्रेक्षकांच्या कानांसाठीची मर्यादा आहे, शेजाऱ्यांसाठीचे नियम वेगळे.

आणि इथेच फर्मवेअरचा मुद्दा पुन्हा येतो. डिजिटल सिस्टीममधला लिमिटर हीसुद्धा एक सेव्ह केलेली संख्याच असते. अपडेटनंतर सिस्टीम फॅक्टरी सेटिंगवर गेली तर ती संख्याही जाते. म्हणजे मंदिरात, मशिदीत किंवा मंडपात आज नीट मोजून लावलेली मर्यादा, उद्या कुणीही वाईट हेतू न ठेवता, एका अपडेटमध्ये पुसली जाऊ शकते. ट्रस्टींना वाटत राहील मर्यादा लागू आहे. साऊंडवाल्यालाही तसंच वाटेल. पोलिसांचा मीटर मात्र वेगळा आकडा दाखवेल. मग जबाबदार कोण?

पेटीवर भरवसा ठेवायचा असेल तर पेटीतला प्रोग्राम कधी बदलला, कुणी बदलला आणि त्यानंतर आवाज पुन्हा मोजला का, याची नोंद ठेवणं भाग आहे. सरकारने अशी यंत्रणा आणायची ठरवली तर खरेदीच्या आदेशासोबत या देखभालीचाही विचार करावा लागेल. नाहीतर शाळांमध्ये आलेल्या आणि कपाटात गेलेल्या कॉम्प्युटरसारखी त्याची गत व्हायची.

मग अपडेट करायचं कधी आणि कसं?

तोपर्यंत रोजचा प्रश्न आहेच. त्याचं उत्तर तंत्रज्ञानापेक्षा पंचांगात जास्त आहे.

सगळ्यात आधी, कार्यक्रमाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी अपडेट करायचं नाही. कितीही छोटं असलं तरी. आपल्याकडे यासाठी दोन काळ सोयीचे आहेत. एक, आषाढी झाल्यानंतर श्रावण लागेपर्यंतचे दिवस. लग्नं थांबलेली असतात आणि सप्ताह-पारायणं अजून जोरात नसतात. दुसरा, पितृपक्ष. गणपती उठलेले असतात, नवरात्र बसायची असते आणि मधे पंधरा दिवस शुभकार्य नसतं. या पंधरवड्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत अपडेट केलं तर काही बिघडल्यास नवरात्रीपूर्वी निस्तरायला वेळ मिळतो.

टॅबलेट आणि मोबाईलवर मिक्सरच्या ॲपचं ऑटो-अपडेट बंद करून ठेवायचं. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि सुरुवातीला सांगितलेला प्रसंग त्यानेच टळतो.

अपडेटआधी मिक्सरमधले सगळे सीन आणि सेटिंग पेनड्राईव्हवर काढायचे. त्याची आणखी एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर किंवा ईमेलवर ठेवायची. सध्याची आवृत्ती कुठली आहे त्याचा स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा. त्या जुन्या आवृत्तीची फाइल कंपनीच्या वेबसाइटवर मिळत असेल तर तीही जपून ठेवायची, कारण मागे यायची वेळ आली तर तीच लागेल. मागे येता येतं का, हे मॉडेलनुसार बदलतं. ते आधी वाचून घ्यायचं.

फाइल फक्त कंपनीच्या वेबसाइटवरून घ्यायची. आवृत्तीसोबत काय बदललं त्याचं टिपण असतं, ते वाचायचं. इंग्रजी अडलं तर मोबाईलवर भाषांतर करून वाचता येतं. त्यातली एकही गोष्ट आपल्या उपयोगाची नसेल आणि आपल्याला काही त्रासही होत नसेल, तर तो अपडेट सोडून दिला तरी चालतो. नवी मोठी आवृत्ती आली की लगेच न टाकता एक-दोन महिने थांबून इतरांचा अनुभव पाहणं शहाणपणाचं.

वीज यूपीएसवरून घ्यायची. पावसाळ्यात तर हमखास. एक्स्टेंशन बोर्डावर दुसरं काही लावायचं नाही आणि खोलीत पोरासोरांना येऊ द्यायचं नाही.

अपडेट झाल्यावर स्टेज बॉक्सची आणि ॲपची आवृत्ती जुळते का ते बघायचं. मग घरीच सगळं जोडून प्रत्येक चॅनेलला माईक लावून बोलून पाहायचं. जुना सीन उघडायचा, लिमिटर जागेवर आहेत का ते तपासायचं आणि तासभर गाणी लावून ठेवायची. पहिला कार्यक्रम छोटा घ्यायचा. थेट यात्रेला नाही.

आणि सुरुवातीच्या प्रसंगात अडकलेल्या त्या साऊंडवाल्याने काय करायला हवं होतं? टॅबलेट बाजूला ठेवून मिक्सरवर हाताने कीर्तन काढायला हवं होतं. थोडी धावपळ झाली असती, पण आवाज चालू राहिला असता. अपडेटचं काम घरी गेल्यावर, निवांत.

पुढे काय?

२०२५ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. मंडळं, मंडप, देखावे यांची चर्चा झाली. पण या उत्सवाचा आवाज ज्यांच्या हातात असतो, त्या साऊंड ऑपरेटरच्या शिक्षणाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. इलेक्ट्रिशियनसाठी आयटीआयचा कोर्स आहे, लायसन्स आहे. मंडपात हजारो लोकांसमोर कॉम्प्युटर, वीज आणि डेसिबलची कायदेशीर मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणारा माणूस मात्र बहुतेकदा कुणाच्या तरी हाताखाली राहून, बघून बघून शिकलेला असतो.

त्याला मराठीत लिहिलेली चार पानांची माहिती, जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि तपासलेला डेसिबल मीटर भाड्याने मिळण्याची सोय, एवढं झालं तरी बराच फरक पडेल. डेसिबल मोडले म्हणून कारवाई करताना पोलीस आणि प्रशासन ज्या माणसाकडे बोट दाखवतात, त्याच्या हातात आधी ही साधनं असायला हवीत.